बॅटरीचे कारखाने आणि विजेची साठवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीच्या बातम्यांत तीन वेगळे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात: कारखान्याची कागदावरची क्षमता, त्या कारखान्यातून खरोखर बाहेर पडणारे सेल (ज्यांची बॅटरी बनते ते सुटे घटक) आणि ग्रिडला जोडलेली साठवण. तिन्ही 'गिगा'मध्येच सांगतात, त्यामुळे गोंधळ होतो. खालची उत्तरे वाचताना हे तीन आकडे वेगळे ठेवा.

मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांत फरक काय?

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती मावते ते मेगावॅट-तास. खालचा नळ पूर्ण सोडल्यावर धार किती मोठी येते ते मेगावॅट. दक्षिण ऑस्ट्रेलियातला हॉर्न्सडेल प्रकल्प डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा १०० मेगावॅट / १२९ मेगावॅट-तासांचा होता. म्हणजे पूर्ण ताकदीने सोडला तर साधारण सव्वा तासात रिकामा. २०२० मध्ये तो १५० मेगावॅट / १९३.५ मेगावॅट-तासांचा झाला.

घरगुती हिशेबात १ मेगावॅट-तास म्हणजे १,००० युनिट आणि १ गिगावॅट-तास म्हणजे १० लाख युनिट. साठवण प्रकल्पाच्या बातमीत दोनपैकी एकच आकडा दिला असेल तर ती बातमी अर्धी आहे. कारखान्याची क्षमता मात्र नेहमी गिगावॅट-तासांतच मोजतात, आणि ती 'दर वर्षी' असते.

जगात वर्षाला किती बॅटरी बनते आणि किती खपते?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगाची बॅटरीची वार्षिक मागणी पहिल्यांदा १,००० गिगावॅट-तासांच्या पुढे गेली. त्यातला मोठा वाटा इलेक्ट्रिक गाड्यांचा. त्याच वर्षी कारखान्यांची एकूण क्षमता सुमारे ३,००० गिगावॅट-तास होती, म्हणजे मागणीच्या तिप्पट. विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त चीनमध्ये बनतात.

तिप्पट क्षमता असूनही नवे कारखाने का निघतात, हा प्रश्न साहजिक आहे. सगळी क्षमता सारखी नसते, हे त्याचे उत्तर. जुन्या लाइनवर आजचा मोठा एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल बनत नाही. नव्या लाइनला पूर्ण उतारा, म्हणजे चांगल्या सेलांचे पूर्ण प्रमाण, मिळायला काही वर्षे लागतात. शिवाय बऱ्याच देशांना बॅटरी स्वस्त मिळण्याइतकीच ती आपल्या हद्दीत बनणे महत्त्वाचे वाटते. गाड्यांची मागणी मंदावली तिथे उत्पादकांनी लाइन ग्रिडच्या बॅटरीकडे वळवल्या. दक्षिण कोरियाच्या एलजी एनर्जी सोल्यूशनने अमेरिकेत मिशिगनमधल्या हॉलंड इथे २०२५ मध्ये असेच केले.

'२० गिगावॅट-तासांचा कारखाना' म्हणजे वर्षाला २० गिगावॅट-तासांचे सेल, असे नाही का?

नाही. साखर कारखान्याची गाळप क्षमता आणि हंगामाअखेर पोत्यांत भरलेली साखर या जशा वेगळ्या गोष्टी, तसेच हे. ऊस किती आला, गाळप किती दिवस चालले आणि उतारा किती पडला यावर साखर ठरते. सेलच्या कारखान्यातही यंत्रे किती तास चालली आणि उतारा किती पडला, म्हणजे आत गेलेल्या मालातून चांगले सेल किती निघाले, यावर उत्पादन ठरते.

आकार डोळ्यांपुढे यावा म्हणून हिशेब करू. ग्रिडसाठी आज सर्रास वापरला जाणारा एलएफपी सेल ३१४ अँपिअर-तासांचा असतो. ३.२ व्होल्ट गुणिले ३१४ म्हणजे १,००५ वॅट-तास, जवळजवळ बरोबर एक युनिट. तो साधारण १७४ मिलीमीटर लांब, ७२ जाड, २०७ उंच आणि साडेपाच किलोच्या आसपास वजनाचा. २० गिगावॅट-तास म्हणजे असे २ कोटी सेल. सुट्टी न घेता वर्षभर कारखाना चालला तर रोज ५५ हजार, मिनिटाला ३८.

आता उतारा. समजा सुरुवातीपासून शेवटपर्यंत १५ टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर ९९ टक्के माल चांगला निघतो. ऐकायला छान वाटते. पण ०.९९ ला १५ वेळा गुणले की ०.८६ उरते, म्हणजे शंभरातले १४ सेल भंगारात. प्रत्येक टप्पा ९८ टक्क्यांवर असेल तर शेवटी फक्त ७४ चांगले. नव्या कारखान्यात सुरुवातीच्या महिन्यांत तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त माल बाद होणे नवलाचे नाही. त्या प्रत्येक बाद सेलमध्ये तांबे, ग्रॅफाइट, लिथियम आणि वीज आधीच खर्ची पडलेली असते. सेलच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कच्च्या मालाचा असल्याने उतारा पडला की कारखान्याचे गणितच कोसळते.

सेल बनतो कसा?

टप्पे थोडक्यात, पण जिथे बिघडते तिथे थांबून.

पहिले काम पिठले कालवण्यासारखे. धन बाजूसाठी एलएफपीची पूड, थोडा वाहक कार्बन आणि पीव्हीडीएफ नावाचा चिकट पदार्थ एनएमपी या द्रावकात कालवतात. ऋण बाजूसाठी ग्रॅफाइट पाण्यातच कालवतात. गुठळी राहिली किंवा हवेचा बुडबुडा अडकला तर तो दोष पुढे शेकडो मीटर लेपात उतरतो. म्हणून मिश्रण निर्वात पात्रात ढवळतात आणि त्याचा दाटपणा सारखा मोजत राहतात.

हे मिश्रण धातूच्या पातळ फॉइलवर दोन्ही बाजूंनी लेपतात. धन बाजूला साधारण १२ ते १५ मायक्रॉनचे ॲल्युमिनियम, ऋण बाजूला ६ ते ८ मायक्रॉनचे तांबे. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून फॉइल किती नाजूक ते कळेल. लेपलेला पट्टा लांबच लांब भट्टीतून वाळत जातो. घाईने वाळवला तर चिकट पदार्थ वर येतो, लेपाला भेगा पडतात आणि कडा उचलल्या जातात. एनएमपी प्रजननाला घातक आणि महाग, त्यामुळे भट्टीतली वाफ थंड करून जवळजवळ सगळा द्रावक परत मिळवावा लागतो. ही परतीची यंत्रणा बंद पडली की लेपाची लाइनही थांबते.

पुढे जड रोलरखाली लेप दाबून घट्ट करतात, पट्टे हव्या त्या रुंदीत चिरतात, कानांसारखे टॅब कापतात. चिरताना पाते बोथट असेल तर कडेला धातूची सूक्ष्म कूस, म्हणजे काट्यासारखे टोक, राहते. ही कूस मधल्या विभाजक पडद्याला भोसकून आतल्या आत शॉर्ट करू शकते. तो पडदा स्वतः १० ते १६ मायक्रॉनचा असतो. म्हणूनच पाते किती मीटर चालले याची नोंद ठेवून ते ठरल्या वेळी बदलतात. वाचवलेले पाते पुढे फार महागात पडते.

मग धन, पडदा, ऋण, पडदा असे थर रचतात किंवा गुंडाळतात. ऋण बाजूचा लेप धन बाजूपेक्षा किंचित मोठा असावाच लागतो. एखाद्या मिलीमीटरने सरकला तर चार्ज करताना कडेला लिथियम धातूच्या रूपात साचते. टॅब वेल्ड करून गठ्ठा ॲल्युमिनियमच्या डब्यात घालतात आणि निर्वात भट्टीत पुन्हा वाळवतात.

इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला आयन वाहून नेणारा द्रव, भरण्याची खोली हा कारखान्यातला सर्वांत कडक भाग. तिथल्या हवेचा दवबिंदू उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली ठेवतात. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेटला पाणी लागले की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि सेल आतून कुरतडला जातो. माणसाच्या श्वासातूनही बाष्प येते, म्हणून आत किती जण एका वेळी जातील यावर मर्यादा असते. पावसाळ्यात बाहेरची हवा ९० टक्के दमट असते तेव्हा ही खोली कोरडी ठेवायला लागणारी वीज फार मोठी असते. कोकणात किंवा मुंबईजवळ कारखाना काढायचा तर हा खर्च पहिल्या पानावर मांडावा लागेल.

शेवटी फॉर्मेशन. सेलला पहिला चार्ज अगदी हळू देतात. त्या वेळी ग्रॅफाइटवर एक संरक्षक साय धरते, आणि सेलचे आयुष्य बरेचसे या सायीवर ठरते. नंतर सेल आठवडा ते तीन आठवडे नुसते ठेवून देतात आणि व्होल्टेज किती उतरते ते पाहतात. ज्याचे जास्त उतरते त्याच्या आत कुठेतरी सूक्ष्म शॉर्ट आहे, तो बाजूला. या मुक्कामामुळे कारखान्यात नेहमी लाखो सेल अडकून असतात. पैसे लवकर मोकळे व्हावेत म्हणून हा काळ कापण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण इथे सुटलेला दोष पुढे ग्राहकाच्या कंटेनरमध्ये उगवतो.

नॉर्थव्होल्ट ही स्वीडनची कंपनी एवढा पैसा असून का बुडाली?

टेस्लातून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१६ मध्ये ती काढली. कर्ज आणि भांडवल मिळून १५ अब्ज डॉलरच्या आसपास उभे केले. उत्तर स्वीडनमधल्या शेलेफ्तिओ इथल्या कारखान्यातून पहिला सेल डिसेंबर २०२१ मध्ये निघाला. पण २०२३ चे उत्पादन १६ गिगावॅट-तासांच्या नियोजित क्षमतेच्या १ टक्क्याहूनही कमी होते. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोंची ऑर्डर रद्द केली, नोव्हेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेत कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण मागितले आणि १२ मार्च २०२५ रोजी स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर झाली.

पैसा, ग्राहक, स्वस्त जलविद्युत, सरकारचा पाठिंबा, सगळे होते. एकाच वेळी सेल, कॅथोडचा (धन बाजूचा) माल, पुनर्वापर आणि इतर देशांतले नवे कारखाने हाती घेतले, आणि पहिल्या लाइनचा उतारा स्थिर होण्याआधीच पुढची कामे काढली. यंत्रे आशियातून आणलेली, पण ती रोज चालवून हात बसलेले कामगार मात्र आणता आले नाहीत. बॅटरीच्या धंद्यात इमारत हा सर्वांत सोपा भाग आहे, हे या उदाहरणातून जेवढे स्पष्ट दिसते तेवढे दुसऱ्या कशातून दिसत नाही.

चीन एवढा पुढे कसा गेला?

स्वस्त मजुरी हे उत्तर अपुरे आहे, कारण सेलच्या खर्चात मजुरीचा वाटा लहान असतो. फुजियान प्रांतातल्या निंगडे शहरात २०११ मध्ये सुरू झालेली सीएटीएल आज जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या एक तृतीयांशाहून जास्त बॅटऱ्या बनवते. दुसरा क्रमांक शेन्झेनच्या बीवायडीचा, जी १९९५ मध्ये लहान बॅटऱ्या बनवत सुरू झाली. पण या दोघांच्या मागे असलेली पुरवठा साखळी जास्त महत्त्वाची. बॅटरीत वापरायच्या ग्रॅफाइटचा ९० टक्क्यांहून जास्त भाग आणि एलएफपी कॅथोडचा जवळजवळ सगळा माल चीनमध्येच तयार होतो. फॉइल, पडदा, इलेक्ट्रोलाइट आणि लेपाची यंत्रे बनवणारे कारखानेही काही तासांच्या अंतरावर. यंत्र बिघडले तर बनवणारा अभियंता संध्याकाळपर्यंत हजर असतो.

एलएफपीचा शोध अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने लावला. १९९७ च्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय. पेटंट उत्तर अमेरिकेत राहिली, पण चिनी उत्पादकांना देशांतर्गत विक्रीपुरती रॉयल्टीतून सूट मिळाली. इतरांनी एलएफपीला कमी ऊर्जेची म्हणून बाजूला ठेवले त्या दहा वर्षांत चीनने तिच्यावर हात बसवला. २०२२ च्या सुमारास पेटंट संपली तेव्हा तयार कारखाने फक्त त्यांच्याकडे होते.

आता चीन ही आघाडी राखण्याचे नियमही करतो. डिसेंबर २०२३ पासून ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना लागतो, आणि जुलै २०२५ मध्ये एलएफपी कॅथोड बनवण्याच्या काही तंत्रज्ञानांवरही निर्यात-नियंत्रण आले. परदेशी कारखाना सेलचा असला तरी कॅथोडसाठी त्याला अजून चीनकडेच बघावे लागते.

एलएफपी की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट)?

ग्रिडसाठी एलएफपी, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. ती जड असते, पण जमिनीवर ठेवायच्या बॅटरीला वजनाची फिकीर नसते. निकेल-कोबाल्ट लागत नाही, आयुष्य जास्त, आणि तापून अनियंत्रित होण्याचे तापमानही वर. गाड्यांतही २०२४ मध्ये जगभरातल्या जवळजवळ निम्म्या बॅटऱ्या एलएफपीच्या होत्या. लांब पल्ल्याच्या महाग गाड्यांना एनएमसी अजून लागते.

एलएफपीची एक अडचण मात्र वापरणाऱ्याने लक्षात ठेवावी. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे ४० टक्के भरली आहे की ६० टक्के, हे व्होल्टेज पाहून नीट कळत नाही. अंदाज हळूहळू चुकत जातो. ठरावीक दिवसांनी पूर्ण भरून मोजमाप ताळ्यावर आणावे लागते. हे केले नाही तर पडद्यावर ३० टक्के शिल्लक दिसत असतानाच रॅक बंद पडतो.

किंमत किती उतरली आणि का?

ब्लूमबर्ग एनईएफ या संशोधन संस्थेच्या वार्षिक पाहणीत २०१० मध्ये बॅटरी पॅकचा सरासरी दर प्रति किलोवॅट-तास १,००० डॉलरच्या वर होता. २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. चीनमधल्या ग्रिडच्या बॅटऱ्या सरासरीपेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत.

कारणे तीन. कारखाने मोठे झाले आणि उतारा सुधारला. सेल मोठा झाला: २८० वरून ३१४ अँपिअर-तास, तोही त्याच आकाराच्या डब्यात. आणि लिथियम स्वस्त झाले. लिथियम कार्बोनेट नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला जवळजवळ ६ लाख युआनवर गेले होते, २०२५ च्या मध्याला ६० हजारांच्या आसपास आले. एका किलोवॅट-तासाला साधारण ०.६ किलो कार्बोनेट लागते असे धरले तर एका युनिटमागे लिथियमचा खर्च ३६० युआनवरून ३६ वर. आजच्या दरात क्षमतेच्या अतिरेकामुळे झालेली स्पर्धाही मिसळलेली आहे, त्यामुळे दर कायम असेच पडत राहतील असे धरून वीस वर्षांचा प्रकल्प आखू नये.

एका कंटेनरमध्ये नेमके काय असते?

२० फुटी कंटेनर, ५ मेगावॅट-तास, ही सध्याची सर्रास मापे. सेल ३१४ अँपिअर-तासांचे. १०४ सेलचा एक पॅक, चार पॅक मिळून ४१६ सेल एकाच माळेत, म्हणजे नाममात्र १,३३१ व्होल्ट, भरल्यावर १,५०० च्या जवळ. अशा १२ माळा, एकूण ४,९९२ सेल. प्रत्येकी १.००५ युनिट धरले की ५.०२ मेगावॅट-तास होतात.

त्याशिवाय पाणी-ग्लायकोल फिरवणारी थंडाव्याची यंत्रणा, प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजणारी नियंत्रण प्रणाली, वायू आणि धूर ओळखणारे संवेदक, स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झाकणे. डीसीचे एसी करणारे इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर बहुधा बाहेर वेगळे असतात. भरलेल्या कंटेनरचे वजन ४० टनांच्या पुढे जाते. जागा घेण्याआधी तिथवरचा रस्ता, वाटेतले पूल आणि क्रेन तपासा. चबुतरा समतल नसेल तर कंटेनरचे दार आणि थंडाव्याचे नळ दोन्ही त्रास देतात.

४१६ सेल एका माळेत असतात, म्हणून एक अशक्त सेल सगळी माळ थांबवतो. तो सर्वांआधी रिकामा होतो आणि संरक्षणासाठी नियंत्रक पूर्ण माळ बंद करतो. सेलांमधला तापमानाचा फरक ३ ते ५ अंशांत ठेवण्याची धडपड त्यासाठीच.

साठवलेली वीज पूर्ण परत मिळते का?

नाही. ग्रिडच्या मीटरपासून मीटरपर्यंत मोजले तर शंभर युनिट भरून साधारण ८५ परत मिळतात. भारतातल्या निविदांतही ८५ टक्के हीच अट असते. विदर्भ-मराठवाड्याच्या ४५ अंशांच्या उन्हात थंडाव्याची यंत्रणा जास्त चालते, त्यामुळे तिच्या विजेचा मीटर वेगळा आहे का आणि ती कुणाच्या खात्यावर आहे, हे करारात आधी वाचा.

दर वर्षी क्षमता घटते, मग कराराची हमी कशी पाळतात?

चांगल्या एलएफपी सेलला ६,००० किंवा त्याहून जास्त फेऱ्यांची (एकदा भरून रिकामा करणे म्हणजे एक फेरी) हमी मिळते, आणि हमीच्या अखेरीस मूळ क्षमतेच्या ७० टक्के उरतील असे धरतात. पहिल्या वर्षी घट सर्वांत जास्त. म्हणून एकतर सुरुवातीलाच जास्त सेल बसवतात, किंवा काही वर्षांनी नवे कंटेनर जोडतात. दुसरा मार्ग निवडायचा तर रिकामे चबुतरे, केबलची नळी आणि ट्रान्सफॉर्मरमधली जागा पहिल्याच दिवशी ठेवा. नंतर खणणे फार महाग पडते. जुने आणि नवे सेल एकाच माळेत मिसळायचे नाहीत. नव्याला स्वतंत्र इन्व्हर्टर द्या.

आगीची भीती कितपत खरी?

खरी आहे, आणि ती कमी झाली आहे. अमेरिकेच्या ईपीआरआय या वीज-संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार स्थापित क्षमतेच्या तुलनेत अपघातांचे प्रमाण २०१८ ते २०२३ या काळात ९७ टक्क्यांनी घटले.

दोन घटना अभ्यासण्यासारख्या. एप्रिल २०१९ मध्ये ॲरिझोनात एका बंद खोलीतला सेल तापला आणि ज्वलनशील वायू साचला. काही तासांनी अग्निशमन जवानांनी दार उघडल्यावर स्फोट होऊन ते जखमी झाले. आग विझवणारा वायू सोडलेला होता, पण तो ज्वाला थांबवतो, सेलमधून निघणारा वायू थांबवत नाही. म्हणून आता वायू बाहेर काढणारे पंखे आणि दाब सोडणारी झाकणे असतात. दुसरी घटना कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगची, १६ जानेवारी २०२५ ची. जुन्या वीजकेंद्राच्या एकाच इमारतीत ३०० मेगावॅटची एनएमसी बॅटरी रचलेली होती. एका भागाने पेट घेतल्यावर आग पसरायला मोकळी वाट मिळाली आणि आसपासच्या सुमारे १,२०० लोकांना हलवावे लागले. आज नवे प्रकल्प उघड्यावर, कंटेनरांत आणि अंतर राखून उभारतात.

एलएफपी सहजी पेटत नाही, पण तिच्या वायूत हायड्रोजनचे प्रमाण जास्त असते. 'एलएफपी सुरक्षित आहे' म्हणून वायूचे संवेदक गाळणे ही धोकादायक काटकसर आहे. धूर दिसत असताना दार उघडायचे नाही, ही सूचना स्थानिक अग्निशमन दलाला मराठीतून, प्रकल्प सुरू होण्याआधी द्या.

ग्रिडवर याचा खरोखर फरक पडतो का?

कॅलिफोर्नियात बॅटऱ्या १०,००० मेगावॅटच्या पुढे गेल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये एका संध्याकाळी काही काळ त्या राज्याच्या ग्रिडवरचा सर्वांत मोठा स्रोत होत्या. त्यांनी ६,००० मेगावॅटहून जास्त वीज दिली. दुपारचे सौर संध्याकाळी आठ वाजता वापरले गेले. चीनमध्ये २०२४ अखेर पंप-जलविद्युत (पाणी वर चढवून केलेली साठवण) वगळून ७३.७६ गिगावॅट साठवण होती, आणि २०२७ पर्यंत १८० गिगावॅटचे उद्दिष्ट आहे. तिथे बरीच वर्षे सौर प्रकल्पांना बॅटरी लावण्याची सक्ती होती. त्यातून लागलेल्या कित्येक बॅटऱ्या नुसत्या उभ्या राहिल्या, कारण त्या चालवल्याने मालकाला काही मिळत नव्हते. २०२५ मध्ये ती सक्ती काढली. आपल्याकडे केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सौर निविदांत १० टक्के क्षमतेची दोन तासांची साठवण ठेवण्याची सूचना केली. चीनचा हा अनुभव वाचूनच तिची अंमलबजावणी व्हायला हवी.

भारतात कुठवर आले आहे?

सेल बनवण्यासाठी मे २०२१ मध्ये १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, उद्दिष्ट ५० गिगावॅट-तास. अट अशी की देशांतर्गत मूल्यवर्धन दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के व्हावे. वेळापत्रक मागे पडले आहे आणि प्रत्यक्ष उत्पादन ठरलेल्याच्या तुलनेत थोडे आहे. यंत्रे चीनमधून, ती बसवणारे तंत्रज्ञ चीनमधून आणि व्हिसाला विलंब, ही अडचण सगळ्यांचीच. तमिळनाडूत कृष्णगिरी, गुजरातेत साणंद आणि जामनगर, तेलंगणात महबूबनगर आणि कर्नाटकात बंगळूर इथे कारखाने उभे राहत आहेत किंवा सुरू झाले आहेत. आमच्या मते भारताने सेलच्या इमारतींइतकाच पैसा कॅथोड, ग्रॅफाइट आणि फॉइलवर लावायला हवा. ६० टक्क्यांची अट त्याशिवाय पूर्ण होणेच कठीण.

साठवणुकीच्या बाजूला वेग जास्त. २०२२ मध्ये सेकी या केंद्राच्या सौर ऊर्जा कंपनीच्या ५०० मेगावॅट / १,००० मेगावॅट-तासांच्या निविदेत दर मेगावॅटमागे महिन्याला १०.८४ लाख रुपये निघाला होता. दोन-तीन वर्षांत, केंद्राच्या अनुदानासह, दोन तासांच्या निविदांत तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. २.२१ लाख धरा: वर्षाला २६.५ लाख. रोज एकदा भरून रिकामी केली तर ७३० मेगावॅट-तास, म्हणजे युनिटला ३ रुपये ६३ पैसे. रोज दोनदा चालवली तर १ रुपया ८२ पैसे. यात भरण्याच्या विजेची किंमत आणि १५ टक्के तूट धरलेली नाही. बॅटरी दिवसातून किती वेळा वापरली जाते, हा प्रश्न दराइतकाच मोठा आहे. निविदेत दोन फेऱ्या आणि प्रत्यक्षात एक, असे झाले तर ग्राहकाच्या बिलात फरक पडतो.

महाराष्ट्राचा यात वाटा काय?

साठवण इथे बॅटरीच्या आधीपासून आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा पंप-जलविद्युत प्रकल्प सह्याद्रीच्या कड्याचा उपयोग करतो. रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, मागणीच्या वेळी खाली सोडायचे. भिरा इथेही असे एक संयंत्र आहे. सह्याद्रीचा हा कडा या कामासाठी देशातल्या उत्तम जागांपैकी एक आहे. सहा-आठ तासांच्या साठवणुकीसाठी हा मार्ग, दोन ते चार तासांसाठी बॅटरी, अशी विभागणी दिसते. राष्ट्रीय वीज आराखड्यात २०३१-३२ साठी ४७ गिगावॅट बॅटरी आणि सुमारे २७ गिगावॅट पंप-साठवण दोन्ही धरलेले आहे.

संशोधनात पुण्याचे नाव घ्यावे लागेल. केपीआयटी या कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

मग सोडियम लिथियमची जागा घेईल का?

सगळीकडे नाही. सोडियम स्वस्त, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम फॉइल चालते, थंडीत चांगली चालते, आणि शून्य व्होल्टवर उतरवून वाहतूक करता येते. पण व्होल्टेज बरेच वर-खाली होते, त्यामुळे लिथियमसाठी बनवलेला इन्व्हर्टर चालेलच असे नाही. शिवाय २०२५ च्या मध्यापर्यंत लिथियम एवढे उतरल्याने किमतीचा फायदा पुसला गेला होता.

जम्मूत लिथियम सापडले, त्याचे काय झाले?

रियासीत फेब्रुवारी २०२३ मध्ये ५९ लाख टन साठा जाहीर झाला. तो 'अनुमानित' दर्जाचा, आणि टन हे खनिजाच्या दगडाचे. काढण्याजोगे लिथियम किती, ते पुढच्या खोदाईनंतर कळते. लिलावाला पुरेसे बोलीदार आले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये काबिल या सरकारी कंपनीने अर्जेंटिनातल्या काटामार्का प्रांतात पाच क्षेत्रे घेतली. खाण शोधण्यापासून कार्बोनेट निघेपर्यंत बहुधा दहा वर्षे जातात.

जुन्या बॅटरीचे पुढे काय?

सेल आधी रिकामे करतात, मग निष्क्रिय वायूत किंवा द्रवात चिरडतात. चाळून तांबे-ॲल्युमिनियम वेगळे निघते आणि उरते ती काळी पूड. एनएमसीच्या पुडीत निकेल-कोबाल्ट असल्याने तिला दाम मिळतो. एलएफपीच्या पुडीत लोह आणि फॉस्फेट, म्हणून नफा फक्त लिथियमचा. आज पुनर्वापर केंद्रांकडे येणारा बराच माल वापरलेल्या बॅटरीचा नसून नव्या कारखान्यांतल्या बाद सेलांचा असतो.

भारतात ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार जबाबदारी उत्पादकाची आहे आणि २०२६-२७ पासून ९० टक्के पदार्थ परत मिळवण्याची अट आहे. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून २ किलोवॅट-तासांवरच्या औद्योगिक आणि वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. तिकडे निर्यात करायची असेल तर प्रत्येक सेलच्या बॅचची नोंद लेपाच्या लाइनपासून ठेवायला आत्ताच सुरुवात करा, कारण मागाहून ती तयार करता येत नाही.